आईचं हिरवं लुगडं

आमच्या जूचंद्रात दिवाळीचे चार दिवस शाळेच्या वर्गांतले पंखे बंद असतात. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत लावून घेतलेल्या खिडक्या आणि फरशीवर ओणवी झालेली माणसं. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, कारण एक शिंक आली की सहा तासांच्या मेहनतीवर पाणी. रांगोळी म्हणजे उंबऱ्यापुढचं स्वस्तिक असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा येऊन बघावं. आमच्याकडे माणसांचे चेहरे काढतात, चार फूट बाय पाच फूट, डोळ्यांत तरळणाऱ्या पाण्यासकट. नायगावच्या नव्या टॉवरांतली मंडळी दोरीपलीकडे उभी राहतात, वाकून बघतात आणि विचारतात, "हा फोटो छापून चिकटवलाय का?" या प्रश्नाचं आम्हाला फार कौतुक होतं. होतं, असं मुद्दाम म्हणतोय.

भाऊबीजेच्या संध्याकाळी प्रदर्शन संपतं आणि ज्याची रांगोळी त्यानेच ती झाडायची, असा आमच्याकडचा रिवाज आहे. नाक, ओठ, कपाळावरच्या सुरकुत्या, सगळं केरसुणीखाली जातं आणि शेवटी उरतो एक राखाडी ढीग. तो फेकत नाहीत. डब्यात भरून ठेवतात आणि पुढच्या वर्षी चेहऱ्याखालचा पहिला थर त्याच पुडीचा चाळतात. म्हणजे प्रत्येक चेहऱ्याखाली आदल्या वर्षीचे चेहरे पसरलेले असतात. माझ्या धाकट्या बहिणीचा डबा पत्र्याचा आहे, आईकडून आलेला. त्याच्या तळाशी आईच्या हातची थोडी तरी रांगोळी असणार, असं आम्ही दोघं धरून चालतो.

आईने लहानपणी आम्हा दोघांच्याही चिमटीत रांगोळी दिली होती. बहिणीच्या हातून रेघ सुटली ती थेट सापासारखी वळत गेली. माझ्या बोटांना घाम यायचा, पूड चिकटून बसायची. "तू आपली शाला शिक," आई म्हणाली, आणि मी तेच केलं. शाळा शिकलो, कॉलेज शिकलो, आणि मग तीस वर्षं वसईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवली. आधुनिकता, उत्तराधुनिकता हे शब्द फळ्यावर इतक्यांदा लिहिले की खडूलासुद्धा पाठ झाले असतील. बहीण गावातच दिली, अंगणवाडीत नोकरीला लागली आणि दर दिवाळीला एक चेहरा काढत राहिली.

उत्तराधुनिकता म्हणजे काय हे मी मुलांना एका वाक्यात सांगायचो. कशावरही सरळ विश्वास ठेवायचा नाही, आणि ठेवलाच तर डोळा मारून ठेवायचा. मुलं हसायची, वहीत लिहून घ्यायची. आता ते युग सरलं म्हणतात. पुढच्याला काय म्हणावं यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी म्हणतं हे पडद्याचं युग. कुणी म्हणतं, थट्टा आणि तळमळ यांच्यामध्ये झोके घेणारं युग. कुणी म्हणतं, युगं वगैरे काही उरली नाहीत, आता नुसते अपडेट येतात. यातलं शेवटचं मला सगळ्यात आवडायचं, कारण ते ऐकून वर्गात हशा पिकायचा.

खरं तर हे सगळं मी पुस्तकात वाचण्याआधी रांगोळीत बघितलं होतं. आई उंबऱ्यापुढे गोपद्मं काढायची तेव्हा ती कुणी काढली हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. मग देव आले, पुढारी आले, हुबेहूब चेहरे आले, आणि शेजारी काढणाऱ्याच्या नावाची पाटी आली. मग एका वर्षी कुणी वर्गाच्या दारातच उघडी विहीर काढली. बायका साड्या सावरून मागे सरायच्या आणि मग एकमेकींना टाळ्या देऊन हसायच्या. दुसऱ्या वर्षी एकाने अर्धी झाडलेली रांगोळी काढली, वर केरसुणीही रांगोळीचीच. मी खुशीत आलो होतो, माझा अख्खा पाठ्यक्रम फरशीवर उतरला होता. त्यानंतर फोनसाठीच्या रांगोळ्या आल्या. खडूने दोन पावलं आखलेली असतात, तिथे उभं राहून फोन धरायचा. नुसत्या डोळ्यांना वाकडंतिकडं दिसतं आणि फोनमध्ये घोडा जमिनीवरून उसळतो. माणसं आता घोडा बघून फोन काढत नाहीत, फोन काढल्यावर घोडा बघतात. मला याची गंमत वाटायची आणि आजही वाटते.

बहिणीला मात्र युग बदलल्याची वार्ता कुणी दिलेली नव्हती. ती चेहरेच काढत राहिली.

गेल्या दिवाळीत तिने आईला काढलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गावात घरोघरी फोन यायच्या आधी गेली ती. तिचा धड एक फोटो नाही. एका लग्नातल्या घोळक्यात अर्धा चेहरा दिसतो, पुढे कुणाचा तरी खांदा आलाय, आणि तोही कृष्णधवल. त्या अर्ध्या चेहऱ्यावरून आणि बाकी डोक्यातून बहिणीने आई काढली. मी दुसऱ्या दिवशी गेलो. दोरीपाशी उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने शाळेच्या वर्गात सगळ्यांदेखत रडावं म्हणजे काय, पण आवरेना. आई डोळे किंचित बारीक करून बघत होती, मी काही तरी लपवतोय हे तिला कळल्यावर बघायची तशी. अंगावर हिरवं लुगडं, काठाला पिवळी रेघ.

मी फोटो काढला. घरी येऊन तो जरा साफसूफ केला. कडेला फरशीच्या रेघा येत होत्या, नावाची पाटी येत होती, बहिणीच्या टाचेचा एक पांढरा ठसा कोपऱ्यात उमटला होता. सगळं कापून टाकलं. फोनने आपण होऊनच चेहरा थोडा गुळगुळीत केला, तोही मला बराच वाटला. भाऊबीजेला बहिणीने मला ओवाळलं, मग शाळेत जाऊन आईला झाडलं आणि डब्यात भरलं. आता आई माझ्या फोनमध्ये होती, आणि ती सोय मला फार आवडली. कॉलेजात मधली सुट्टी झाली की एकदा तरी उघडून बघायचो.

त्यानंतर थंडीत आमच्या कॉलेजात एक चर्चासत्र झालं. विषय होता, उत्तराधुनिकतेनंतर काय. मी बोलणार होतो. उदाहरण म्हणून आईची रांगोळी पडद्यावर टाकली. म्हटलं, "ही माझी आई. हे तिचं हिरवं लुगडं. हा फोटो फोटोवरून काढलेला नाही, आणि ज्याचा फोटो आहे ते आता अस्तित्वात नाही." सभागृह शांत झालं. मला अशी शांतता आवडते, शिक्षकाला व्यसन असतं तिचं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आमच्याच वर्गातली, भुईगावची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिने विचारलं, "सर, हे खरंच हातानं काढलंय, की एआयनं केलंय?"

मला वाटलं, पोरगी माझी खेचतेय. आणि खेचणाऱ्याला उलटं कसं खेचायचं हे मला तीस वर्षांच्या सवयीने येतं. मी चष्मा काढला, थोडा थांबलो आणि म्हणालो, "समजा एआयनं केलं असेल. तुम्हाला काय फरक पडतो?"

टाळ्या पडल्या. पुढची दहा मिनिटं मी फरक का पडतो हेच सांगत होतो. हात म्हणजे काय, आठवण म्हणजे काय, बरंच चांगलं बोललो. पण कुणीतरी फोनवर घेतलं ते फक्त माझ्या चष्म्यापासून टाळ्यांपर्यंत. वीसेक सेकंद. त्यावर कुणी हसणारी तोंडं चिकटवली, कुणी मागे ढोल लावला, आणि ते फिरत फिरत दोन दिवसांत गावातल्या ग्रुपवर आलं. वर ओळ होती, रांगोळीवालीच्या सख्ख्या भावाने सांगितलं खरं काय ते.

एवढ्यावर भागलं नाही. माझा साफसूफ केलेला फोटोही बाहेर पडला. ना फरशी, ना पाटी, ना टाचेचा ठसा. लोक तो मोठा करून बघू लागले. कातडी फारच गुळगुळीत आहे, कान नीट जमलेला नाही, मशीनला कान जमत नाहीत. आईचा कान तसाच होता, जड बुगडीने ओघळलेला. ज्यांनी दोरीपाशी उभं राहून प्रत्यक्ष पाहिलं होतं ते ग्रुपवर गप्प होते. दाखवायला आता काही उरलेलं नव्हतं, आमच्याच रिवाजाने आम्ही ते झाडून टाकलं होतं.

रविवारी बहिणीकडे गेलो. ती मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. मी दिसलो तरी हात थांबले नाहीत. मी पाटावर बसलो आणि सांगायला लागलो की ते वाक्य संदर्भातून तोडलंय, तो एक वादपद्धतीतला प्रश्न होता, त्याचा हेतू वेगळा होता. घरी मी घरचीच बोली बोलतो, पण कोंडीत सापडलो की माझ्या तोंडून छापील मराठी बाहेर पडते. तिने ते बरोबर हेरलं.

"कॉलेजचं बोलू नको," ती म्हणाली. "तू बोललास का नाय, काय फरक परतो?"

"बोललो, पण..."

"मना परतो फरक, दादा." तिने एक कोळंबी ताटलीत टाकली. "मशीननं केली बोलतान लोका. माजी आय मशीननं केली? आठ तास मी तिचे डोले शोधत व्हती. आनि तू हसवलंस लोकांना."

ती उठली, हात धुतले, आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवला. "यो ने. पुस्तकांच्या कपाटात ठेव. मी आथा रांगोलीला नाय बसनार."

चिडून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती शांतपणे म्हणाली, आणि पुन्हा कोळंबी सोलायला बसली. डबा मांडीवर घेऊन मी रिक्षाने घरी आलो. माझ्या लाजेला पारावार नव्हता.

चूक निस्तरायचा माझा पहिला मार्ग माझ्यासारखाच निघाला. मी फेसबुकवर एक प्रदीर्घ खुलासा लिहिला. त्यात परिच्छेद होते, अर्धविराम होते, प्रतिमा आणि मूळ वस्तू यांच्या नात्याचा ऊहापोह होता. माझ्या तीन सहकाऱ्यांनी अंगठा दिला. एकाने 'छान लेख' असं लिहिलं. तिकडे माझा चष्मा काढतानाचा तुकडा जोरात चालला होता. आता तो कशावरही लावत होते. कुणाची बस चुकली, कुणाचा पगार अडकला, कुणी नवऱ्याला विचारलं जेवलास का, की मी चष्मा काढून म्हणणार, तुम्हाला काय फरक पडतो. एकदा माझ्या वर्गातल्या मुलाने चुकून माझ्यासमोरच तो वाजवला आणि ओशाळला. मीही हसलो. हसायलाच शिकवलं होतं ना आयुष्यभर.

गंमत म्हणजे या सगळ्यात माझं कुतूहल काही मेलं नाही. लाज वाटत होती आणि त्याच वेळी मी त्या तुकड्याकडे टक लावून बघत होतो. हे नेमकं काय आहे? थट्टा म्हणावी तर खालच्या काही प्रतिक्रिया थट्टेच्या नव्हत्या. एका बाईने लिहिलं होतं, माझी आई गेली तेव्हा डॉक्टरपण असंच बोलले होते. त्याच्याखाली चाळीस जणांनी हात जोडले होते, आणि त्याच्याखाली पुन्हा ढोल. लोक एकाच तोंडाने हसत होते आणि त्याच तोंडाने हळहळत होते, आणि दोन्ही मनापासून. माझ्या फळ्यावर याला जागा नव्हती. मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की शहाणा माणूस कशालाही फसत नाही. इथे फसायची सगळ्यांची तयारी होती, फक्त कशाला ते कळत नव्हतं.

पावसाळा संपता संपता गावातल्या मंडळाने नवा नियम केला. प्रत्येक रांगोळीवर छताला कॅमेरा लावायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रण, शंका घेणाऱ्याला दाखवायला. मंडळाचा कार्यवाह आमच्याच आळीतला. त्याने मला थांबवून सांगितलं, "सर, तुमच्यामुळेच करावं लागलं. राग मानू नका." मी राग कशाचा मानणार? त्याने बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, आय माजी व्हती याचा पुरावा मी नाय देनार. कार्यवाहाने फॉर्मवरच्या तिच्या ओळीसमोर आडवी रेघ मारून ठेवली.

त्याच आठवड्यात ती भुईगावची मुलगी मला स्टाफरूमच्या दाराशी भेटली. बराच वेळ दाराची कडी चाचपत उभी होती. मीच म्हणालो, "बोला."

"सर, मी त्या दिवशी चेष्टा करत नव्हते," ती म्हणाली. "मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं."

मी तिला बसायला सांगितलं. तिने सांगितलं ते असं. तिच्या आजीचा एक जुना फोटो घरी होता, वाळवीने खाल्लेला. आजी गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये मिस्सा झाली, तेव्हा तो मोठा करून लावायचा म्हणून तिच्या भावाने कुठल्याशा ॲपमधून दुरुस्त करून आणला. फोटो झकास आला. आजी हसत होती. "पण सर, माझी नाना, आम्ही आजीला नाना म्हणतो, अशी हसायचीच नाही. तिचे पुढचे दात पडलेले, ती तोंडावर हात ठेवून हसायची. घरात सगळे म्हणाले, किती छान दिसते. आता रोज येताजाता तोच फोटो. परवा मी डोळे मिटून तिला आठवायला गेले तर दातच दिसले." "तुमच्या आईचा फोटो बघून वाटलं, कुणी हातानं असं करू शकत असेल तर मला त्यांच्याकडं जायचंय. म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात काय फरक पडतो, आणि सगळे हसले, मग मी बसले."

आयुष्यात इतके प्रश्न मुलांनी विचारले असतील. त्यातला एक इतका सरळ होता, आणि मी त्याच्या तोंडावर टाळ्या घेतल्या होत्या. मी तिला म्हणालो, "माझं चुकलं." असं मी वर्गात कधी म्हटल्याचं आठवत नाही. ती घाबरून उठलीच.

त्या संध्याकाळी कपाटातून डबा काढला आणि बहिणीकडे गेलो. या वेळी भाषण तयार केलं नव्हतं. डबा तिच्यापुढे ठेवला आणि घरच्या बोलीत म्हणालो, "मी चुकलो. लोकांना हसवाय तुजी आय वापरली मी. आनि मना ती दिसली तवा रडलो व्हतो, ते कोनाला सांगितला नाय."

तिने डब्यावरून नजर उचलली. "रडलास तू?"

"दोरीपाशी. सगल्यांनी बघितला, तुला कोन बोलला नाय?"

"नाय." तिने डब्याचं झाकण अंगठ्याने पुसलं. मग म्हणाली, "कॅमेरा मना नको. कॅमेऱ्याला काय कलतं? बघायला मानूस पायजे. तू बस. सुरवातीपासून संपेपर्यंत. पंखा नाय, पानी नाय, फोन नाय. बसशील?"

कार्यवाह आधी कुरकुरला. नियम म्हणजे नियम. मग म्हणाला, पाटीवर तसं लिहावं लागेल. लिहा म्हटलं. तर या दिवाळीत शाळेच्या तिसऱ्या वर्गात बहिणीच्या नावाच्या पाटीखाली दुसरी ओळ होती: करताना पाहिलं, भावाने.

धनत्रयोदशीच्या सकाळी आठ वाजता आम्ही दार लावून घेतलं. तोंडाला रुमाल बांधला. बहिणीने डबा समोर घेतला आणि उघडायच्या आधी झाकणावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं, आतली पूड खाली बसावी म्हणून. आई अशीच टकटक करायची. कुठल्याही फोटोत नसलेली ही गोष्ट माझ्यात कुठे पडून होती कोण जाणे. मी तसं बोलून दाखवलं. बहीण रुमालाआड हसली असावी, डोळ्यांच्या कडा हलल्या. "मग कोनाकडून शिकलं मी?" म्हणाली.

पहिला थर मी चाळला. चहाची गाळणी हातात धरून, तिच्या कडेवर बोट आपटत आपटत, राखाडी पूड सारखी पसरायची. घाम टपकू नये म्हणून कपाळाला पंचा बांधला होता. मग ती ओणवी झाली आणि मी भिंतीला पाठ लावून बसलो. तीस वर्षं तिच्या रांगोळ्या बघत आलो, पण रांगोळी काढताना तिला कधी पाहिलं नव्हतं. ती आधी डोळा काढत नाही. डोळ्याभोवतालचा अंधार काढते, आणि मधे राहतं ते डोळा होतं. चिमटीतून पूड सोडताना श्वास धरते, रेघ संपली की सोडते. मध्येच उठून लांब जाते, मान तिरकी करते, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटते. दोनदा तिने अख्खा गाल फुंकर मारून उडवला आणि पुन्हा चाळला. आई इतक्या सावकाश येत होती की कुठल्या क्षणी आली ते मला सांगता येणार नाही. दुपारी एकाच्या सुमारास मी वर बघितलं आणि ती माझ्याकडे बघत होती.

चेहरा झाल्यावर बहीण पाठ दाबत बसली. रंगाच्या वाट्या चाचपत म्हणाली, "आथा लुगरा."

मी उत्साहाने हिरव्या रंगाची वाटी पुढे केली. "हिरवा भर. पिवला काठ."

तिचा हात तसाच राहिला. "हिरवा कशाला?"

"आयचा हिरवाच व्हता ना लुगरा. सणाचा."

"जांभला व्हता," ती म्हणाली. "गेल्या साली जांभली रांगोली संपली व्हती दुकानात, म्हनून हिरवी भरली मी. तुना सांगायची राहिली."

मी म्हणालो, नाही, मला चांगलं आठवतंय. होळीच्या दिवशी आई हिरवं लुगडं नेसून खाडीवरून येताना मला दिसत होती. वारा होता, पिवळा काठ उडत होता. मी तिला ते सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, चिमटी रिकामीच.

मग तिने विचारलं, "दादा, तुना आय आठवतं, का माजी रांगोली?"

त्या खोलीत पंखा नव्हता, आवाज नव्हता, वळून बघावं असं काही नव्हतं. मी डोळे मिटले. होळी दिसली, खाडी दिसली, आई दिसली. लुगडं हिरवंच दिसलं. ते फोनवरचं हिरवं होतं, काठाच्या रेघेसकट. मी वर्षभर ते उघडून उघडून बघितलं होतं, आणि त्याने हळूहळू खाडीवरच्या आईला नेसवलं होतं. मी डोळे उघडून तिला म्हणालो, मला नाही आठवत. मला एकाएकी फार एकटं वाटलं.

ती उठून माझ्याजवळ आली नाही, तिचे हात रंगाने माखलेले होते. जांभळी वाटी पुढे ओढली आणि म्हणाली, "मग बघ आथा." मी बघितलं. काठ सोनेरी होता.

दुसऱ्या दिवशी भुईगावची मुलगी आली. तिला मीच बोलावलं होतं, पिशवीत आजीचा वाळवीने खाल्लेला मूळ फोटो घेऊन ये म्हटलं होतं. ती दोरीपाशी बराच वेळ उभी राहिली. शेजारी टॉवरमधलं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या गृहस्थांनी फोन वर धरला, खाली केला, माझ्याकडे बघून ओळखल्यासारखं हसले आणि म्हणाले, "सर, ते तुम्हीच ना? मग सांगा, हे खरं आहे की तसलंच काही?"

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. बहीण कोपऱ्यात स्टुलावर बसून बोटं चोळत होती, तिने मान वर केली नाही. मी चष्म्याला हात लावला नाही.

"माझ्या बहिणीने काढलंय," मी म्हणालो. "मी काल सकाळपासून संपेपर्यंत इथे बसलो होतो."

"आणि तुमच्या आई अशाच दिसायच्या?"

"अशाच."

"लुगडंपण हेच?"

"ते तिला माहीत आहे," मी बहिणीकडे बोट दाखवलं. "मला आठवत नाही."